लेकरांचे प्रश्न

प्रिय बाळा,

काल फोनवर बोललीस ना की चर्चमधल्या संडे स्कूलची मुलं एवढे प्रश्न विचारतात की धडाच पूर्ण होत नाही, तर मी म्हणते नको होऊ दे. खरंच. मुलं प्रश्न विचारतायत म्हणजे ती ऐकतायत, आणि तू रागावणार नाहीस याची त्यांना खात्री आहे.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाचा 2रा अध्याय काढून बघ. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजींच्या मध्ये बसलाय, त्यांचं ऐकतोय आणि त्यांना प्रश्न विचारतोय. निर्गमाच्या पुस्तकात, 12व्या अध्यायात तर वल्हांडण, म्हणजे मिसर देशातल्या गुलामीतून सुटकेची आठवण करायचा सण, ठरवतानाच सांगितलंय की तुमची मुलं विचारतील, ह्या विधीचा अर्थ काय, तेव्हा त्यांना असं असं सांगा. म्हणजे मुलं विचारणार हे देवाने आधीच धरून ठेवलंय, आणि आपण मात्र गप्प बसा गप्प बसा करतो!

आता प्रश्न सगळे सारखे नसतात हे लक्षात ठेव. प्रेषितांच्या कृत्यांतला कूश देशाचा तो अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, त्याला समजून घ्यायचं होतं, म्हणून येशूची सुवार्ता सांगणारा फिलिप्प रथात त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि तो जिथे अडला होता त्याच वचनापासून सुरुवात केली, स्वतःचा तयार मेसेज काढला नाही. पण तुझ्या वर्गातला तो छोटा, ज्याने विचारलं की आम्ही रोज प्रार्थना केली तरी आजी का वारली, त्याला माहिती नकोय गं. त्याला लगेच ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळी होऊ नकोस. बायबलमधला तो ईयोब, ज्याची मुलंबाळं, मालमत्ता सगळं गेलं, त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत ठीक होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. आणि शेवटी देव कोणाला बरोबर म्हणतो? ज्याने देवालाच जाब विचारला त्या ईयोबाला. मला तर हे वाचून दर वेळी धीर येतो. तू त्या लेकराला आजीबद्दल बोलू दे, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून सांगते म्हण, आणि पुढच्या रविवारी आठवणीने सांग.

तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं पण तेच. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात म्हणतो तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. बघ, आधी विचारणारा आहे, मग उत्तर. ती त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हे विचारते तर वाद जिंकायला जाऊ नकोस, तिला काय खटकतंय ते आधी नीट ऐक. लगेच चर्चला चल म्हणून मागे लागू नकोस. मार्कचं शुभवर्तमान दे तिला, चारही शुभवर्तमानांत तेच सगळ्यात छोटं, 16 अध्याय, आणि सोबत एक पेन्सिल दे, जिथे पटणार नाही तिथे खूण कर म्हणावं, आणि मग चहाला बसाल तेव्हा त्या खुणांवरच बोला.

तुझी,
मम्मी