जमिनीखालच्या इंदूरकडेही पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वच्छतेच्या मानांकनावरील आपल्या दैनिकातले लेख वाचले. २०१७ पासून इंदूरने मिळवलेले नाव पहाटे रस्ते झाडणाऱ्यांचे आहे, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण या चर्चेत जमिनीखालचे इंदूर, म्हणजे पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी, कुठेच नसते.

अमेरिकेतील मिल्वॉकी शहराचा इतिहास आपल्या पार्षदांनी (नगरसेवकांनी) जरूर वाचावा. तिथे १९१० साली एमिल सायडेल हे समाजवादी महापौर झाले. पुढे डॅनियल होन यांनी १९१६ ते १९४० अशी सलग चोवीस वर्षे ते पद सांभाळले. शहराचा मैला नद्यांतून मिशिगन सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून येई. विषमज्वर होणारच! होन यांच्या काळात, १९२५ साली, जोन्स आयलंडवर मैलापाणी शुद्धीकरणाचे मोठे केंद्र सुरू झाले. पाण्यात हवा सोडून जिवाणूंकरवी घाण नष्ट करण्याची पद्धत तेव्हा अगदी नवी होती. उरलेला गाळ वाळवून १९२६ पासून त्याचे खत विकायला काढले, ते आजही विकले जाते. होन यांचा कटाक्ष असा, की शक्यतो कर्ज काढायचे नाही, हाती पैसा असेल तेवढेच काम करायचे. त्यांच्याच पक्षातले क्रांतीवादी त्यांना गटारवाले म्हणून हिणवत. मला तर ही माणसे फार मोठी वाटतात. पुरलेल्या पाइपावर कोनशिला दिसत नाही, तरी त्यांनी त्यावरच मते मागितली आणि लोकांनी ती पुन्हा पुन्हा दिली.

मला कोणत्याही पक्षाचा प्रचार करायचा नाही. आपल्याकडेही नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला दिलेल्या अहवालात नद्या आणि सांडपाणी यांचा बारकाईने विचार केला होता. शंभर वर्षांनंतरही शहरातल्या कान्ह नदीकाठी उभे राहवत नाही, याचे वाईट वाटते.

जुन्या मोहल्ल्यांत नर्मदेच्या पिण्याच्या पाण्याची लाइन आणि ड्रेनेज लाइन शेजारून जातात. कोणती लाइन किती जुनी, कुठे एकमेकींना छेदते, ती कधी बदलणार, याचा नकाशा प्रत्येक झोन कार्यालयात लावावा. नळाच्या पाण्याच्या तपासणीचा निकाल दरमहा त्याच भिंतीवर लागावा. आपल्या दैनिकाने प्रत्येक पार्षदाला हे विचारावे आणि मिळालेली उत्तरे वॉर्डवार छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर