पकड सुटते ती कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वसंरक्षणासाठी कराटेसारखी परंपरागत युद्धकला शिकावी की बॉक्सिंग, मिश्र मार्शल आर्ट्स (ठोसे, लाथा आणि कुस्तीची पकड एकत्र असलेली लढत) यांसारखा आधुनिक लढतीचा खेळ, हा वाद हिरिरीने घातला जातो. मला तो मुळातच चुकीच्या पायावर उभा असलेला वाटतो. कुस्ती प्राचीन ऑलिंपिकमध्ये होती आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येही होती. मग तिला कोणत्या रकान्यात बसवायचे? पाहायचे ते कलेचे वय नव्हे, तर सरावात समोरचा माणूस खरोखर विरोध करतो की नाही, हे.

मनगट सोडवण्याचा साधा डाव घ्या. पकड अंगठ्याच्या बाजूला सर्वांत कच्ची असते, म्हणून हात तिकडे वळवून हिसडा द्यायचा, हे तत्त्व बिनचूक आहे. मात्र अनेक वर्गांत जोडीदार मनगट धरून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि शिकणाऱ्याने हात फिरवताच सौजन्याने सोडून देतो. हल्लेखोर असा थांबत नाही. तो खेचतो, दुसऱ्या हाताने तडाखा देतो, भिंतीवर रेटतो. अशा ओढाताणीत ज्याने हा डाव कधी केलेलाच नाही, त्याला तो ऐन वेळी साधेल, अशी आशा धरणे भाबडेपणाचे आहे.

जपानचे जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतून ज्यूदो घडवताना हीच अडचण सोडवली. पूर्ण ताकदीने केल्यास इजा होईल असे डाव त्यांनी खुल्या झुंजीतून वगळून काता या ठरावीक सरावापुरते ठेवले. त्यामुळे उरलेले डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज करता येऊ लागले. डाव सौम्य झाले आणि शिकणारा अधिक तयार झाला. याच परंपरेतून पुढे आलेल्या ब्राझिलियन जुजुत्सूच्या जोरावर रॉइस ग्रेसी यांनी १९९३ च्या पहिल्या यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत एकाच रात्री आपल्याहून वजनदार तिघांना हरवले. (त्यांतला एक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता, खाली पाडला जाताच त्याने हार मानली.)

असे असले तरी खेळांच्या समर्थकांनीही हुरळून जाऊ नये. रिंगणात प्रतिस्पर्धी एकच आणि साधारण आपल्याच वजनाचा असतो, पंच असतो, हातावर पट्ट्या व ग्लोव्ह असतात. उघडी मूठ कवटीवर आदळली तर करंगळीमागचे हाड मोडू शकते. म्हणून तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटालगतच्या भागाने, मारण्याचा कराटेतला जुना प्रहार इथे अधिक शहाणपणाचा ठरतो. शिवाय जमिनीवर एकाला जखडून ठेवण्याचे कौशल्य त्याचा साथीदार जवळ असेल तर अंगाशी येते, आणि समोरच्याच्या हातात चाकू असेल तर दोन्ही पंथांचे बहुतेक डाव लंगडे पडतात.

त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी वर्गाचे नाव किंवा प्रशिक्षकाचा पट्टा पाहण्याऐवजी अर्धा तास कोपऱ्यात बसून सराव पाहावा, एवढीच पालकांना विनंती. जोडीदार जोर लावतो का, डाव फसल्यावर पुढे काय करायचे हे शिकवले जाते का, आणि पकड सुटल्यावर विद्यार्थी पवित्रा घेऊन तिथेच उभा राहतो की दरवाजाकडे धावतो, हे त्या वेळात सहज दिसते.

आपला,
एक वाचक