मुक्तिसंग्राम दिनी दिवसभर आपला आवाज

महोदय,

आईला आता दिसत नाही. रेडिओच तिचा सोबती. परवा आमच्या कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे इथल्याच लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या केंद्रावर, जात्यावरची ओवी लागली. दुसऱ्या ओळीला आईनं चहाची बशी खाली ठेवली, 'आमच्याकडं असं नाही म्हणत,' म्हणाली आणि स्वतःची ओवी म्हणायला लागली. ती मी आजवर कधी ऐकली नव्हती! मोठ्या वाहिन्यांवर हे कुठून येणार?

शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला, निम्मे कार्यक्रम स्थानिकच असावेत असा सरकारी नियम. हीच या केंद्रांची ताकद आहे. म्हणून मराठवाड्यातल्या अशा केंद्रांना विनंती, की १७ सप्टेंबरला पूर्ण दिवस आपल्या माणसांना द्यावा. सकाळी ओव्या, संध्याकाळी नाथांची भारुडं, आणि मधल्या वेळेत, निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला त्या १९४८ च्या आठवणी. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीनं रातोरात गाव सोडलेली माणसं आज नव्वदीला टेकलीत. त्यांचं बोलणं आत्ताच ध्वनिमुद्रित करायला हवं.

बातम्यांचं मात्र वाईट वाटतं. आकाशवाणीची बातमीपत्रं लावता येतात, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, पाणीपुरवठा, रस्ते यांची माहिती देण्यास मुभा आहे, ती तरी दर तासाला द्यावी. टँकर कधी येणार, ही आमच्या गल्लीत पहिल्या पानाची बातमी असते.

– एक श्रोता, छत्रपती संभाजीनगर