नोंद ठेवणं सोपं, सापडणं अवघड

ता. मोर्शी, जि. अमरावती

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. नोंदी वहीत, व्हॉट्सॲपवर आणि गॅलरीत विखुरल्या आहेत, कोणतं ॲप घेऊ, असं तू विचारलंस. मी ऑब्सिडियन सांगेन. नेट नसलं तरी ते चालतं आणि प्रत्येक नोंद साध्या मजकुराची फाईल म्हणून तुझ्याच फोनमध्ये राहते. एव्हरनोट या नोंदींच्या दुसऱ्या ॲपने २०२३ च्या शेवटी फुकट वापराला ५० नोंदींची मर्यादा घातली. साध्या फाईलींना तशी मर्यादा कोणी घालू शकत नाही. फक्त फोल्डर फोनच्या स्टोअरेजमध्ये बनव. ॲपच्या आतल्या जागेत ठेवलंस तर ॲप काढताच नोंदीही जातील.

आता खरी अडचण ऐक, ती आपल्या भाषेची आहे. 'तूर' शोधलंस तर 'तुरीवर फवारलं' ही नोंद येत नाही, कारण शोधाला अक्षरं कळतात, विभक्ती कळत नाही. 'धुरा' (बांध) आणि 'धुऱ्यावर' यांचंही तेच. म्हणून फाईलच्या नावातच मूळ शब्द लिही: '२०२५-०९-१२ कपाशी बोंडअळी सापळा'. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप तारखेवार लागते. नावात तिरपी रेघ (/) चालत नाही, आडवी (-) दे. आकडे मराठी किंवा इंग्रजी, पण एकच ठेव. मराठी १२ शोधून इंग्रजी बारा मिळत नाही. 'बोंडअळी' कायम जोडूनच लिही. तोडून लिहिलेली जोडून शोधली तर हाती लागणार नाही.

रोजची नोंद आणि पक्की माहिती एकत्र कालवू नको. 'बोंडअळी फवारणी पातळी' अशी एक वेगळी नोंद कर: कामगंध सापळ्यात (वासाने नर पतंग ओढणाऱ्या) दर सापळ्याला रोज ८ पतंग, सलग ३ दिवस, की फवारायचं. मग त्या दिवशीच्या नोंदीत तिचं नाव दुहेरी चौकटी कंसात [[ ]] घाल, दुवा तयार होतो. पुढच्या खरिपात ती उघडलीस की तिला जोडलेल्या सगळ्या तारखा बॅकलिंकमध्ये, म्हणजे तिच्याकडे येणाऱ्या दुव्यांच्या यादीत, दिसतील. यासाठीच एवढा खटाटोप करायचा! नाव बदलायचं तर ॲपमधूनच बदल. फाईल मॅनेजरमधून बदललंस की दुवे तुटतात.

फोल्डर तीन पुरेत: वावर, घर, विचार. औषधाच्या बाटलीचा फोटो टाकलास तर खाली नाव आणि प्रमाण हाताने लिही, कारण फोटोतली अक्षरं इथे शोधात येत नाहीत. जागेची काळजी नको, हजार नोंदींचा मजकूर मिळून दोनचार फोटोंएवढाच भरतो.

दर रविवारी केबल लावून पूर्ण फोल्डर कॉम्प्युटरवर उतरव, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेव. फोन विहिरीत पडला तरी नोंदी वाचतील.

जुन्या वह्या टाईप करत बसू नको. ज्या पानाची गरज पडेल त्याचाच फोटो घे आणि खाली एक ओळ लिही.

वहिनींना नमस्कार. पहिल्या दहा नोंदींची नावं मला पाठव, मी तपासून देतो.

तुझाच,
मित्र