निसर्ग बोलतो तिथे आपण ऐकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र वाचले. मुलगे आणि मुली यांची घडण मुळातच वेगळी, विज्ञानानेही ते मान्य केले आहे, तेव्हा मुलींना इंजिनियरिंगकडे ढकलण्याचा अट्टहास सोडावा, असा त्याचा सूर होता. मी गोव्यात साखळी गावाजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. 'विज्ञानानेही मान्य केले आहे' हे वाचल्यावर गप्प बसवेना.

शरीराचा वाटा मी नाकारत नाही. तो नाकारून वर्गात शिकवायला उभी राहिले तर ती मुलांशी लबाडी होईल. वयात येताना मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढते, स्नायू भरतात, खांदे रुंदावतात, हिमोग्लोबिन मुलींपेक्षा वर जाते. १०० मीटर धावण्याचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा आहे, स्त्रियांचा १०.४९. हे अंतर संस्कार बदलून भरून निघणारे नाही. आवडीनिवडीतही जन्माआधीच्या हार्मोन्सचा काही हात दिसतो. काही मुलींच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून, त्या गर्भात असतानाच पुरुषी हार्मोन जास्त पाझरतात. अशा मुली लहानपणी गाड्या-ट्रकांकडे इतर मुलींपेक्षा अधिक ओढल्या जातात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. कॅनडातल्या डेव्हिड रायमरची हकिकत तर काळीज हलवणारी आहे. १९६५ साली जन्मलेल्या या मुलाला तान्हेपणी शस्त्रक्रियेत लिंगाला इजा झाली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवले गेले. त्याला ते कधीच मानवले नाही. पौगंडावस्थेत तो पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला आणि २००४ मध्ये त्याने आयुष्य संपवले. मूल म्हणजे मातीचा गोळा, हवा तसा आकार द्या, असे मानणाऱ्यांनी ही हकिकत विसरू नये.

पण धावपट्टीवरून थेट इंजिनियरिंगच्या वर्गात उडी कशी मारता येते? जॅनेट हाइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००५ साली स्त्री-पुरुष फरकांवरच्या संशोधनाचे ४६ मोठे आढावे एकत्र करून हिशेब मांडला. त्यातले ७८ टक्के फरक एक तर लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. चेंडू किती लांब आणि किती वेगाने फेकता येतो, यात फरक मोठा. गणितात मात्र नगण्य. मेंदूचे म्हणाल, तर डाफ्ना जोएल या इस्रायली मेंदूशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १,४०० हून अधिक माणसांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे तपासली. सगळ्या खुणा 'पुरुषी' किंवा सगळ्या 'बायकी' असलेले मेंदू फार थोडे सापडले, बहुतेकांत सरमिसळच होती. सगळ्या खुणा एकदम विचारात घेतल्या तर मेंदू बाईचा की पुरुषाचा हे संगणक बऱ्यापैकी ओळखतो, हेही खरे आहे. पण तेवढ्यावरून त्या मेंदूला कॅल्क्युलस जमेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो पुरावा आपल्याच देशातला आहे. ईशान्येला खासी आणि कार्बी असे दोन समाज शेजारी शेजारी राहतात. दोघांचे खाणे-पिणे, भातशेती सारखीच. पण खासींमध्ये घरदार धाकट्या मुलीकडे जाते, कार्बींमध्ये मुलग्यांकडे. हॉफमन, नीझी आणि लिस्ट या संशोधकांनी दोन्हीकडच्या माणसांना चार तुकडे जुळवून चित्र पूर्ण करण्याचे कोडे दिले. आकार मनात फिरवून पाहण्याची ही हुशारी, म्हणजे पुरुषांची जन्मजात मक्तेदारी म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते तीच. कार्बी बायकांना कार्बी पुरुषांपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त वेळ लागला. खासी बायका आणि पुरुष मात्र बरोबरीत. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. फरकाचा काही भाग शिक्षणातल्या तफावतीने उलगडतो, असेही संशोधकांनी दाखवले. निसर्ग दोन्हीकडे तोच होता. मुलीच्या वाट्याला शाळा किती आली आणि घरात तिची पत काय, एवढेच बदलले होते.

हे वाचताना मला गोवा आठवल्याशिवाय राहिला नाही. पोर्तुगीज काळापासून आपल्या कायद्यात मुलीला मुलग्याइतका वाटा आहे. देशभर त्याचे कौतुक होते. पण वाटणीची वेळ आली की 'भावांशी वाकडे कशाला' म्हणून हक्क सोडल्याची सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी आपल्या ओळखीत किती निघतील, हे ज्याने त्याने मोजावे. आणि कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, तर परंपरेने पुरुष गावकारालाच.

आता माझ्या प्रयोगशाळेतले सांगते. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करून पेशीविभाजन पाहायचे, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रयोग. मुळाचे टोक रंगवायचे, काचपट्टीवर ठेवून वर कव्हर स्लिप ही पातळ काच, मग अंगठ्याने बेताने दाबायचे. दाब कमी पडला तर पेशी एकावर एक राहतात, जास्त झाला तर काच तडकते. एका सूक्ष्मदर्शकापाशी चौघांचा गट असतो. वर्षानुवर्षे मी पाहत आले, स्लाइड करायला आणि फोकस फिरवायला मुलगा पुढे सरसावतो, मुलगी वही उघडून आकृती काढायला बसते. कोणीही तसे सांगितलेले नसते. विचारले तर उत्तर तयार, 'टीचर, हिचे अक्षर बरे आहे.' परीक्षेत मात्र स्लाइड ज्याची त्याने करायची. तिथे मुलींचे हात अडखळतात आणि बाहेरून आलेले परीक्षक मान हलवत म्हणतात, मुली पाठांतराला चांगल्या, हाताला नाहीत.

मी नियम केला, मागच्या वेळी ज्याने आकृती काढली त्याने या वेळी स्लाइड करायची. सुरुवातीला काचा फुटल्या, एकदोनदा भिंग स्लाइडवर आपटले. मुलग्यांच्या आकृत्याही बघवत नव्हत्या. दिवाळीची सुट्टी होईपर्यंत कोणती स्लाइड कोणाची हे नाव वाचल्याशिवाय मला कळेनासे झाले. मुलग्यांच्या वह्याही सुधारल्या. माझी प्रयोगशाळा म्हणजे काही संशोधन नव्हे. पण 'हाताला नाहीत' हा निसर्गाचा निकाल नव्हता, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकते.

आणि जिथे शरीराचा फरक खरोखर मोठा आहे, तिथे आपण काय करतो? ओझे उचलणे हे त्यातले पहिले. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांवर जाऊन पाहा, भर उन्हात मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहणाऱ्या बायका दिसतील. मासळीची जड पाटी घेऊन बाजारात जाणारी बाई तर रोजचीच. 'ही कामे बायकांच्या प्रकृतीला झेपणारी नाहीत' असे पत्र या सदरात आल्याचे मला आठवत नाही. प्रकृती आठवते ती मुलगी लेथ मशीनपाशी किंवा जहाजाच्या इंजिनपाशी उभी राहू पाहते तेव्हा.

मासिक पाळीत मुलीचे रक्त जाते, लोह कमी होते, हे तर शुद्ध जीवशास्त्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, पुरुष २५ टक्के. एवढ्या तफावतीला एकटी पाळी कारण नाही. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेल्या आमटीवर भागवणारी आईही त्यात आहे. शरीर आणि समाज एकमेकांत असे मिसळलेले असतात. पण ज्या मुलीला दुपारच्या तासाला गरगरते, तिला 'गणितात लक्ष नाही' म्हणून आपण मोकळे होतो.

हृदयविकाराचेही तसेच. झटका आला की छातीत कळ येते हे सर्वांना माहीत आहे, आणि बहुतेक बायकांनाही ती येते. पण पुष्कळदा त्याबरोबर, कधी तिच्याऐवजी, धाप लागणे, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, न जाणारा थकवा ही लक्षणे असतात. घरचे त्याला पित्त समजतात आणि वेळ निघून जाते. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या रक्तात जास्त वेळ टिकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठीची मात्रा निम्मी केली. तोवर हे औषध बाजारात येऊन वीस वर्षे होऊन गेली होती. निसर्ग बोलतो तिथे आपण ऐकत नाही आणि तो गप्प असतो तिथे त्याच्या तोंडी आपले शब्द घालतो, ही माझी खरी तक्रार आहे.

दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेच्या प्रवेशासाठी पालक भेटायला येतात. मुलग्याचे वडील विचारतात, 'टीचर, मार्क पुरतील ना?' मुलीचे वडील, बहुधा तेवढ्याच गुणांवर, विचारतात, 'हिला झेपेल ना?' मुलगी शेजारीच उभी असते आणि ऐकत असते. हा प्रश्न प्रेमापोटी येतो, हे मी जाणते. तरीही माझी कळकळीची विनंती आहे, तो तिच्यासमोर विचारू नका. विचारायचाच तर मुलग्याबद्दलही विचारा.

मुख्याध्यापकांकडे मागण्या अगदी साध्या आहेत. प्रयोगशाळेत कामे आळीपाळीने द्या. आठवीनंतर मुली मैदानाच्या कडेला बसून राहतात, त्यांच्यासाठी आठवड्यातल्या काही संध्याकाळी मैदान राखून ठेवा. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या वाटल्या जातात त्या पोटात जातात की दप्तरात राहतात, ते पाहा आणि वर्षातून एकदा प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. स्वच्छतागृहाला आतून कडी आणि आत पाणी असू द्या.

ज्या वाचकांच्या पत्रामुळे हे लिहिले, त्यांच्याविषयी मनात राग नाही. माझ्या वडिलांच्या वयाचे असावेत आणि मुलींचे भलेच चिंतत असणार. मुख्याध्यापकांची परवानगी मी काढून ठेवते. त्यांनी एखाद्या शनिवारी आमच्या प्रॅक्टिकलला यावे, नावे झाकलेल्या स्लाइड स्वतः भिंगाखाली पाहाव्यात आणि कोणती मुलीची, कोणती मुलग्याची ते सांगावे.

आपली नम्र,
एक जीवशास्त्र शिक्षिका, साखळी