बोटीवर चढण्याआधी

मुरगाव, रविवार रात्र

ती. आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईचा आवाज बसलेला होता. शेजारच्या काकूंनी तिला सांगितलं म्हणे, "पोरगी ज्वालामुखीवर चाललीय." काकूंचं खोटं नाही. पण ज्वालामुखी आणि आमच्या बोटीच्या मध्ये जवळजवळ तीन किलोमीटर पाणी आहे, ते त्या सांगायला विसरल्या.

आम्ही जातोय ती कार्ल्सबर्ग ही ज्वालामुखीची डोंगररांग अरबी समुद्राच्या तळाशी आहे. (बाबा, माळकरी माणसाला सांगू नये, पण हे नाव बिअरवाल्यांचं. 1928-30 मध्ये 'डाना' या डॅनिश जहाजाला ती सापडली आणि त्या सफरीचा खर्च त्यांच्या प्रतिष्ठानानं उचलला होता.) जगातल्या सगळ्या समुद्रांतून अशी पासष्टेक हजार किलोमीटर रांग फिरली आहे, ही तिचीच एक फांदी. मधोमध लांबच लांब दरी, दोन्हीकडची जमीन एकमेकींपासून सरकतेय. वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर. तुमच्या लग्नाला 45 वर्षं झाली, तेवढ्यात साधारण साडीच्या पन्ह्याएवढी.

जमीन फाकली की खालचा तापलेला खडक वर येतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तेवढ्यानंच तो थोडा वितळतो. वेगळा जाळ लागत नाही. रस तळाशी आला की गार पाण्यानं वरून लगेच साय धरतो, आत गरमच; मग फुटून पुढचा लोड, त्याच्यापुढे आणखी एक. बैठकीत लोड-तक्के टाकावेत तसा तळ दिसतो. कुठे कुठे भेगांतून साडेतीनशे अंशांचं पाणी काळ्या धुरासारखं उसळतं, तरी उकळत नाही. आई, कुकरमध्ये शंभराच्या वर गेलेलं पाणी दाबानं गप बसतं ना, तसंच. वर बोटीवर यातलं काही कळतसुद्धा नाही. मला त्रास होतो तो आमटीचा. मागच्या खेपेला तुझी कांदा-लसणाची चटणी अकराव्या दिवशी संपली. या वेळी दोन बरण्या घेतल्यात.

खरं सांगू? लाव्हावर तर तुम्ही राहताय. पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, आपल्या घराचं जोतं, सगळा 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचा लाव्हा. त्याचा उगम निराळा, आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे तो. त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून तुटला आणि मध्ये ही रांग उघडली.

तिथं महिनाभर मोबाईल लागणार नाही. बाबा, गुडघ्याची गोळी चुकवू नका आणि यंदा जोतिबाला पायी जायचा हट्ट नको.

मागच्या वेळी मागितलेला समुद्रातला दगड मिळायचा नाही, प्रत्येक तुकड्याची नोंद असते. आईचा पाटा मात्र टाकवून घ्या, गुळगुळीत झालाय. ताजा टाकलेला दगड निरखून बघा, आम्ही खालून काढतो तो त्याच जातीचा, फक्त वरून काचेसारखा चमकतो. आल्यावर चटणी त्या पाट्यावरच वाटू.

तुमची,
बाळी