औषध कालवणारे हात बाईचेच

महोदय,

कालच्या अंकातली ‘फवारणी करताना अशी घ्या काळजी’ ही माहिती वाचली. छापलीत, आभार. पण चित्रात हातमोजे घातलेला पुरुष आणि मजकुरात सगळीकडे ‘शेतकरी बांधव’. बाई आली ती एकाच ओळीत: गरोदर स्त्रियांना फवारणीपासून दूर ठेवा. दूर म्हणजे कुठे? विहिरीचं पाणी आणून ड्रम कोण भरतं? झाकणाने औषध मोजून तुराटीने कोण ढवळतं? फवारणीचे कपडे संध्याकाळी हाताने कोण धुतं? पंप तेवढा पुरुषाच्या पाठीवर असतो. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पऱ्हाटीत निंदायला आम्हीच वाकतो.

माझ्या जावेचं सांगते. २०१९ चा पोळा झाला आणि तिला चौथा महिना होता. मजूर मिळेना म्हणून सलग दोन दिवस ड्रमजवळ तीच उभी होती. लुगड्याला येणारा तो वास दोनदा धुऊनही गेला नाही. आठवड्याच्या आत पोट दुखायला लागलं आणि गर्भ पडला. दवाखान्यात विचारलं, पपई खाल्ली का, ओझं उचललं का. घरी सासूबाईंनीही तेच विचारलं. वावरात काय फवारत होता, हे कोणीच विचारलं नाही. केसपेपरवर धंद्याच्या जागी लिहिलं ‘गृहिणी’. औषधानेच झालं असं मी छातीठोक सांगत नाही. पण विचारलंच नाही तर कळणार कसं? पपईचा दोष मात्र तिच्या माथी आजही आहे.

आंध्रातल्या कापूसपट्ट्यात फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या कुटुंबांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या घरांत गर्भपात आणि मृत मूल जन्मण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. म्हणजे नवऱ्याने फवारलं तरी झळ बायकोच्या कुशीपर्यंत येते. अमेरिकेतल्या शेतकरी बायकांच्या पाहणीत कीटकनाशकं हाताळणाऱ्यांची पाळी लांबलेली, चुकलेली दिसली. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा तुम्हीही रोज बातम्या दिल्या. त्यात बायकांच्या पाळीचा, गर्भाचा एक शब्द वाचल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक. त्याच पानावर खाली कीटकनाशकाची अर्ध्या पानाची जाहिरात होती, हिरवंगार वावर आणि हसरं कुटुंब. त्यात औषध किती जहाल विषारी आहे ते सांगणारा लाल त्रिकोण शोधायला मला चष्मा लावावा लागला. बाटलीतल्या माहितीपत्रकाची अक्षरं तर चष्म्यानेही वाचता येत नाहीत. ती मोठी करा म्हणून कोणी लिहील का?

तुम्ही आरोग्य खात्याला एवढंच विचारा, की गरोदर बाईच्या कार्डावर ‘शेतात औषधाशी संबंध येतो का’ हा एक प्रश्न का नसावा. आणि पुढच्या वेळी चित्रात ड्रमजवळची बाई दाखवा.

जाऊ पुन्हा तीन महिन्यांची आहे. उद्या आमच्याकडे फवारणी आहे. पाणी मी आणणार आहे, तिला बांधावरही येऊ देणार नाही. पण शेजारचं वावर आमच्या घराला लागून आहे आणि वारा तिकडून येतो.

– एक शेतकरी महिला,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ